कुलपाच्या उजवीकडची सहावी

सोमवार, ४ नोव्हेंबर

कालच्या पानावर चूक आहे. खोडत नाही. बाबांचा नियम – चूक खोडायची नाही, खाली दुरुस्ती लिहायची. खोडलेली चूक माणूस पुन्हा करतो. तर दुरुस्ती:

काल लिहिलं – ‘दुकानातला बॅरिटोन हॉर्न घरी आणून वाजवला. हॉर्नची पहिली, म्हणजे पहिला सूर, आणि आपल्या पियानोची पहिली तंतोतंत जुळली. म्हणजे आपला पियानो सुरात आहे.’ यातलं ‘जुळली’ इथपर्यंत खरं. पुढचं चूक. जुळली, म्हणूनच पियानो सुरात नाही!

आज सकाळी हॉर्न वाद्यदुरुस्तीच्या दुकानात परत नेला. मिस्त्री बाकावर एका तुतारीचा पोचा काढत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “काय गं, बटणं अडकतात का कुठं?”

“नाही. आणि आमच्या पियानोशी मस्त जुळला.”

“काय जुळलं?”

“याची पहिली आणि पियानोची पहिली.”

हातोडी खाली ठेवली त्यांनी. “पुन्हा सांग.”

पुन्हा सांगितलं. हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाले, “पोरी, बॅरिटोनची पहिली पियानोच्या पहिलीपेक्षा एक अख्खा सूर खाली असते. जन्मजात. बँडचे कागदसुद्धा तसेच लिहिलेले असतात. दोघं जुळले तर दोघांपैकी एक खोटं बोलतोय – आणि हॉर्न मी लावलाय.”

आठ महिने इथे काम करतेय आणि हे मला माहीत नव्हतं. माझं काम नोंदवहीचं – काय आलं, काय बिघडलं, काय गेलं. संगीत मला बाबांनी शिकवलं, त्यात फुंकायचं वाद्य कधी आलंच नाही.

म्हणजे आमचा पियानो एक सूर उतरलेला आहे. म्हणजे आमच्या घरातली सहावी ही खरी पाचवी आहे.

हे वाक्य लिहिलं आणि दोनदा वाचलं. उद्या नीट तपासायचं. तोवर कोणाला काही बोलायचं नाही.


मंगळवार, ५ नोव्हेंबर

दुकानातून सूरकाटा घेतला. मिस्त्रींचा दंडक – टाचणीसुद्धा दुकानाबाहेर न्यायची तर वहीत नाव घालून सही करायची. केली. ‘सूरकाटा, एक.’

काटा म्हणजे दोन दातांचा पोलादी चिमटा. गुडघ्यावर आपटला की एकच सूर देतो, खरी सहावी. थंडी, पाऊस, माणसाचा मूड, कशानेही तो हलत नाही. मला असं कोणीतरी व्हायचं होतं.

घरी कोणी नसताना केलं. आमच्या घरात पियानोच्या पट्ट्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. झाकणाला कुलूप आहे, त्याच्या बरोबर समोरची पांढरी ती पहिली. तिथून उजवीकडे मोजायचं. बाबांनी मला अंक शिकवले तेच मुळी या पट्ट्यांवर. (लहानपणी मी सारखी आजारी, अकरा वर्षांची होईतो शाळा म्हणजे बाबाच.) काटा आपटून लाकडावर टेकवला, सहावी दाबली. नाही जुळली. सातवी दाबली. जुळली!

तीनदा केलं. तिसऱ्यांदा खिडक्या लावून, पियानोवरची फुलदाणी उतरवून. फुलदाणीचा काय संबंध? काही नाही. तरी उतरवली.

शंका उरली नाही.

आता हे इतकं का टोचतंय ते सरळ लिहून काढते, म्हणजे उद्या घाबरून बदलणार नाही.

दादा येत्या १६ तारखेला नाट्यगृहाच्या गायकमंडळीत निवड होण्यासाठी चाचणी देतोय. वरच्या आवाजासाठी. वरच्या आवाजाच्या गड्याला सहावी यायलाच हवी. ती त्याची वेस. दादाची सहावी घरी स्वच्छ लागते. बाहेर लागत नाही. गेल्या नोव्हेंबरातही त्याने हीच चाचणी दिली होती आणि नेमका सहावीवर आवाज फुटला – भर सभागृहात, काच तडकावी तसा. त्याआधी एका लग्नातही तेच झालं होतं. लग्नाच्या वेळी घरात एकमताने ठरलं की त्या हॉलचा पियानो चढा आहे. आमच्या घराला बाहेरचे सगळेच पियानो चढे वाटतात! हा आमचा जुना विनोद. आज त्याचं हसू येत नाही.

पण नाट्यगृहाचा पियानो चढा आहे असं कोण म्हणणार? चाचणीनंतर बाबा घरी येऊन म्हणाले, “घरी जमतं, बाहेर का जमत नाही? आवाज पक्का आहे. मनाचा कच्चा आहेस.” दादा खुर्चीत मोजे काढत बसला.

आणि मी काय केलं? आमच्याकडे ‘आवाजवही’ आहे. दर महिन्याला कोणाचा आवाज कुठून कुठपर्यंत जातो त्याची नोंद. नऊ वर्षांची होते तेव्हापासून ती माझ्या हाती. त्या दिवशी मी लिहिलं – ‘दादा: सहावी, घरी स्वच्छ. बाहेर फुटली. कारण: भीती.’

बाबांनी शिकवलेला पहिला नियम: ऐकलं ते लिही, वाटलं ते नको. ‘कारण: भीती’ हे मी ऐकलं नव्हतं.


बुधवार, ६ नोव्हेंबर

दादाला सांगायचा दिवसभर धीर झाला नाही. दादाने जेवताना विचारलं, “तपासनीसबाई, आज माझ्याकडे असं का बघताय? दातात काही अडकलंय का?”


गुरुवार, ७ नोव्हेंबर

आज मिस्त्रींना सहज विचारल्यासारखं विचारलं – बॅरिटोन हॉर्न नसला तर बँडचं काय बिघडेल? माझं ‘सहज’ त्यांना लगेच ओळखू येतं, पण उत्तर दिलं.

“काढून बघ. काय गेलं ते कुणाला सांगता येणार नाही. पण लोक लवकर घरी जातील.”

मग कपाट उघडून त्यांनी तोच हॉर्न काढला आणि स्वतः वाजवला. मिस्त्री सहसा वाजवत नाहीत. म्हणतात, हलवायाने मिठाई खाऊ नये. एक साधीच चाल होती, पाच-सहा सुरांत वर-खाली फिरणारी. तुतारीसारखा तो तुम्हाला हाक मारत नाही. मोठ्या पोटाच्या ट्यूबासारखा जमीनही हलवत नाही. माणूस बोलतो त्या उंचीवर तो वाजतो. एखादा शहाणा माणूस शेजारी बसून बोलतोय असं वाटलं – आपलंच काहीतरी, पण आपल्याला नीट सांगता येत नव्हतं ते. बाहेर फाटकाशी एक बाई पिशवी खाली ठेवून उभी राहिली होती. वाजवणं थांबल्यावर चपापली आणि चालू लागली.

“माणसाच्या गळ्यातही हाच असतो,” मिस्त्री म्हणाले. “मधला आवाज. त्यालाही बॅरिटोनच म्हणतात. दहा पुरुषांत सहा-सात जण मुळात हेच. पण सगळ्यांना शिडी चढायची हौस!”

आमच्या घरात मधल्या आवाजाबद्दल बाबांचं एक वाक्य आहे: “मधला आवाज म्हणजे जेवणातलं पाणी. लागतं सगळ्यांना, कौतुक कोणी करत नाही.” आम्ही दोघं हे ऐकतच मोठे झालो.

येताना छापखान्यावरून आले. दादा तिथे मजकूर वाचून दाखवतो – तो मोठ्याने वाचणार, समोरचा माणूस छापलेला कागद तपासणार. खिडकी उघडी होती. जमिनीच्या मोजणीचा कसला तरी कोरडा कागद होता: पूर्वेला भिंत, पश्चिमेला विहीर, इतकी लांबी, इतकी रुंदी. आणि दादा तो वाचत होता. मी खिडकीखाली उभी राहिले आणि पहिल्यांदा, बाबांची मुलगी म्हणून नाही, नुसते कान म्हणून ऐकलं.

काय आवाज आहे माझ्या भावाचा! भरलेला, कोमट, कडेला किंचित खरखर, जुन्या लाकडी जिन्यावरून हात फिरवावा तशी. ‘पश्चिमेला विहीर’ म्हणाला तेव्हा खरोखर ती विहीर दिसली, आत पाणी असलेली. आत छपाईची अक्षरं जुळवणारे जुळारी हात थांबवून ऐकत होते. त्यातल्या एका म्हाताऱ्याने डोळेच मिटले होते.

घरी बूट पुसताना तो गुणगुणतो तेही त्याच आवाजात. विचारलं तर म्हणतो, “ते गाणं थोडंच आहे!” सव्वीस वर्षं या माणसाने आपला खरा आवाज बूट पुसण्यासाठी ठेवलाय. आणि गाण्यासाठी टाचा उंचावून उभा राहतोय.


शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आईला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, “आई, आपला पियानो असा उतरलेला का गं?”

तिच्या हातातली चादर तशीच राहिली. मग ती चक्क लाजली! माझी आई, पंचावन्न वर्षांची.

“तुला कोणी सांगितलं?”

“काट्याने.”

“अगं, ते आमचं लग्नानंतरचं पहिलं वर्ष. तुझे बाबा तेव्हा गिरणीच्या बँडमध्ये होते. बॅरिटोन वाजवायचे.”

बाबा! बॅरिटोन!

“संध्याकाळी घरी सराव करायचे. मी पियानोवर साथ करायची. पण बँडच्या कागदावर पहिली लिहिलेली असली की यांचा हॉर्न एक सूर खाली बोलायचा. मला प्रत्येक सूर मनात एक पायरी उतरवून वाजवायला लागायचा. जमेना. एकदा रडले. रडले म्हणजे – झाकण आपटून माजघरात गेले. दुसऱ्या दिवशी हे पियानो लावणाऱ्याला घेऊन आले आणि म्हणाले, ‘पूर्ण एक सूर उतरवा.’ तो म्हणाला, ‘साहेब, लोक चढवायला बोलावतात.’ हे म्हणाले, ‘माझी बायको खाली येणार नाही. पियानो येईल.’”

आई हसत होती. मला हसूही येत होतं आणि रडूही. कोणी कोणासाठी फुलं आणतं. बाबांनी आईसाठी अख्खा पियानो उतरवला.

“मग?”

“मग काय. दादा झाला. रात्रपाळी, रडणारं पोर – यांनी हॉर्न बँडला परत केला. पियानो पुन्हा चढवायचा राहूनच गेला. पुढे कोणाच्या लक्षात राहणार? तुम्ही सुरात गात होता की.”

आम्ही सुरात गात होतो. खरंच आहे. फक्त तो सूर आमच्या घरापुरता होता.

रविवारी मी हॉर्न वाजवला तेव्हा आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती ते आठवलं. आणि बाबा ‘आवाज मोठा आहे’ म्हणून पेपर घेऊन बाहेर गेले होते.

दादाचं मी आईला सांगितलं नाही. इतक्या सुंदर गोष्टीचं टोक आपल्या मुलाच्या घशात रुतलंय हे तिला कसं सांगू?


शनिवार, ९ नोव्हेंबर

दादाला सांगायचंच असं ठरवून त्याच्या खोलीत गेले. डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत होता. आतूनच म्हणाला, “बोला, तपासनीसबाई. गुन्हा कबूल.”

“दादा, समज तुझा आवाज वरचा नसलाच तर?”

टॉवेल बाजूला झाला. चेहरा लालबुंद. “तूसुद्धा?”

“तसं नाही रे –”

“बाबा म्हणतात मनाचा कच्चा. बरोबर आहे त्यांचं. घरी लागते ना सहावी? लागते. तूच वहीत लिहितेस. तुझं अक्षर खोटं बोलतं का?”

तो पुन्हा टॉवेलखाली गेला. मग आतून: “सात दिवस राहिलेत. तेवढे दिवस माझ्या बाजूने राहा. मग पुन्हा तपास.”

मी त्याच्याच बाजूने आहे. पण हे सांगायला तोंड उघडलं तर बाबांच्या विरुद्ध जावं लागतं. बाबांना सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? की ज्या मुलाला कच्चा म्हणालात तो पक्का होता. की तुमच्याच प्रेमाच्या कारभाराने तो फसला. आणि की तुमची स्वतःची सहावीही – जिच्याबद्दल प्रत्येक पाहुण्याला सांगता – ती पाचवी आहे.

कोणती गोष्ट आधी? कोणाला आधी? मला वजाबाकी येते, हे येत नाही.


रविवार, १० नोव्हेंबर

शेजारचे शिंपीकाका चहाला आले होते. बाबांनी नेहमीप्रमाणे: “अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत सहावी टिकवली, काका!”

काका म्हणाले, “मास्तर, मला सहावी-सातवी कळत नाही. तुम्ही गाता तेव्हा मशीन थांबवतो, एवढंच.”

बाबा हसले, पण थोडंच. ‘टिकवली’ म्हणाले. पूर्वी ‘लागते’ म्हणायचे. दाढी करताना रोज लावूनही दाखवायचे. कधी थांबले ते आठवत नाही. आवाजवही बघितली तर गेले वर्षभर बाबांची ओळ कोरी आहे. दर महिन्याला मी विचारते, दर महिन्याला ते म्हणतात, “म्हाताऱ्याचं काय लिहितेस? मुलांचं लिही.” मी याला मोठेपणा समजत आले. आता वाटतं, वय झालं असावं, कबूल करवत नसावं. (वाटतं. ऐकलेलं नाही.)

मग बाबांनी एक अजब गोष्ट केली. दादाचा सराव चालू होता; तिसऱ्यांदा सहावी लावताना मानेच्या शिरा दोरखंडासारख्या. बाबा पियानोपाशी बसून होते. मधेच म्हणाले, “आज ते राहू दे. ते मधलं गाणं म्हण ना, ते नदीवरचं.”

“मधल्या आवाजाला कोण विचारतं, बाबा? तुम्हीच म्हणता ना – जेवणातलं पाणी.”

बाबा काहीतरी बोलणार होते. ओठ हललेले मी पाहिले. मग त्यांनी पियानोचं झाकण हळूच लावलं आणि म्हणाले, “घसा सांभाळ.”


सोमवार, ११ नोव्हेंबर

दादाचा आवाज बसलाय. छापखान्यात आज त्याच्याऐवजी दुसऱ्याने वाचलं. जुळारी म्हणाले म्हणे, “आज चुका जास्त निघाल्या.”


मंगळवार, १२ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत नाट्यगृहाच्या कचेरीत गेले. कोणालाही न सांगता – हे लिहितानाही चोरी केल्यासारखं वाटतंय. लांबच लांब बोळकांडी, भिंतीवर फोटोंचे पिवळे चौकोन, शेवटच्या दारात टेबल. टेबलामागे एक कारकूनबाई, स्वेटर विणत.

“अर्ज भरलेल्या माणसाला आवाजाचा प्रकार बदलता येतो का?”

“येतो. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत. कुठून कुठे?”

“वरच्यातून मधल्यात.”

सुया थांबल्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “असं कोणी विचारत नाही हो! वरच्यासाठी अठ्ठावीस अर्ज, जागा एक. मधल्यासाठी जागा दोन, अर्ज चार. त्या चारांतला एक तर माझ्या मते नुसताच सर्दी झालेला आहे. कोण बदलतोय?”

“माझा भाऊ.”

“मग भावाला पाठवा. ज्याचा आवाज त्याची सही. बहिणीची चालत नाही.”

दारातून वळताना आत सराव चाललेला ऐकू आला. वीसेक माणसं एकत्र. सगळ्यात वर बायकांचे आवाज, झगमगीत. खाली दोन-तीन जाड. आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा एक पुरुषांचा मधला पदर, रुंद, घाई नसलेला. एकदा कान तिथे लागला की निघेना. वरचे आवाज त्याच्यावरच चालत होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मला तिथे दादा दिसला. टाचा जमिनीला टेकवून उभा.

घरी आले तर दादा मीठपाण्याच्या गुळण्या करत होता. पाटीवर लिहून दाखवलं: ‘बोलायची बंदी. सहावीसाठी.’ खाली एक हसरा चेहरा काढला होता.

गुरुवार पाच वाजेपर्यंत. आज मंगळवार.


बुधवार, १३ नोव्हेंबर

सूरकाटा परत करायला वही काढली. नोंद कशी बंद करतात ते बघावं म्हणून मागची पानं चाळली – मी लागण्याआधीची, मिस्त्रींच्या अक्षरातली.

गेल्या वर्षी, ११ नोव्हेंबर. ‘सूरकाटा, एक.’ पुढे सही.

बाबांची सही!

दादाची गेल्या वर्षीची चाचणी ९ नोव्हेंबरला होती.

मिस्त्रींना दाखवलं. म्हणाले, “हो, आले होते एक गृहस्थ. तुझे वडील हे मला तेव्हा कुठे माहीत? एका दिवसात आणून दिला. विचारलं, जुळला का? तर म्हणाले, ‘मी फार वर्षांपूर्वी एक गोष्ट केली होती, ती विसरूनच गेलो होतो.’ आणि इथेच या स्टुलावर बराच वेळ बसून राहिले. मग विचारलं, नोंदवही सांभाळायला कोणी माणूस हवा आहे का.”

मार्चमध्ये जागा झाली तेव्हा बाबांनीच मला इथे धाडलं. मी कुरकुरले होते – मला पितळी वाद्यांतलं काय कळतं? ते म्हणाले होते, “तिथे तुझ्यासारखे डोळे हवेत. आणि कान.”

यावरून काय वाटतं ते लिहीत नाही. ऐकलं तेवढंच लिहिलं.

काटा परत केला नाही. बाबांच्या पानापासून एक वर्ष पुढच्या पानावर पुन्हा माझी सही केली.

उद्या, गुरुवार, चौदा तारीख. सकाळी चहाला बाबा आणि दादा दोघं समोर असताना काटा टेबलावर आपटणार. आवाजवही उघडून ‘कारण: भीती’च्या खाली दुरुस्ती लिहिणार, माझ्या सहीने. मग वही फिरवून बाबांपुढे ठेवायची, पेनासकट. त्यांची ओळ त्यांनीच भरायची. पाचच्या आत दादाला घेऊन कचेरीत.